डेल्बर्टची पिकअप

मंगळवारी सकाळी गॉर्डी स्वेन्सन टोपी हातात घेऊन वाचनालयाच्या दारात उभा राहिला, तेव्हा मिलो टेसारला वाटलं, गावात कुणीतरी गेलं. मिलो गेली सव्वीस वर्षं काउंटीच्या त्या एका खोलीच्या वाचनालयात ग्रंथपाल होता आणि एवढ्या काळात गॉर्डीनं त्या दारातून पाऊल आत टाकलेलं नव्हतं.

"डेल्बर्ट कुठंय?" गॉर्डीनं विचारलं.

"इथं नाहीये," मिलो म्हणाला. ते खरंच होतं.

गॉर्डीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर निळी-पांढरी पिकअप उभी होती. तिच्या मागच्या फळीला मोठा पोचा होता आणि तो गॉर्डीच्याच बैलानं पाडलेला असल्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. त्यानं एकदा पिकअपकडे, एकदा मिलोकडे आणि मग पुस्तकांच्या मागच्या रांगांकडे पाहिलं.

"असं होय," एखादं गुपित कळल्यासारखा तो हळूच म्हणाला. "मग थांबतो मी."

आता झालं होतं ते असं. नेब्रास्काच्या त्या काउंटीत माणसं जेमतेम दोन हजार, गाई मात्र मोजायच्या पलीकडे. तिथं माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, गाडीवरून ओळखतात. खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली, की स्टेअरिंगवरचं एक बोट उचलायचं, की झाला नमस्कार. काच धुळीनं भरलेली असते, आत कोण आहे ते दिसत नाही आणि बघायची गरजही नसते. मिलोची गाडी होती एक करड्या रंगाची डबडी. तिच्याकडे बघून कुणी बोट उचललं नव्हतं. आपण सव्वीस वर्षांपूर्वी बाहेरून आलो, अजून नवे आहोत, त्यामुळे असेल, अशी मिलोनं स्वतःची समजूत घातली होती.

ती डबडी गेल्या आठवड्यात बंद पडली. नेमकी डेल्बर्ट हॉफर्टला आपली जुनी पिकअप गुपचूप विकायची होती. डेल्बर्ट काउंटीच्या तीन जणांच्या बोर्डाचा मेंबर. त्याच्या सासऱ्यानं, म्हणजे ऑर्व्हिलनं, चाळीस वर्षं एकाच कंपनीच्या गाड्या विकल्या. घरात दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तरी जेवण अर्धवट टाकून उठायचा. आणि डेल्बर्टनं नवी पिकअप घेतली होती ती नेमकी दुसऱ्या कंपनीची.

"तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याचा नव्वदावा वाढदिवस आहे," डेल्बर्ट म्हणाला होता. "तोवर नवी गाडी खळ्यातल्या शेडमध्ये झाकून ठेवतो, बायकोची गाडी वापरतो. वाढदिवस झाला की सांगेन. तू फक्त कुठं बोलू नकोस."

मिलो कुठं बोलत नसेच. त्यानं मान डोलावली आणि पिकअप विकत घेतली.

पहिल्याच दिवशी गावापर्यंतच्या बारा मैलांत चौदा बोटं वर झाली. मिलो इतका गोंधळला, की पहिल्या सहांना त्यानं उत्तरच दिलं नाही. सातव्याला दिलं, तेव्हा आपण दुसऱ्याचं काहीतरी उचलून खिशात टाकतोय असं त्याला वाटलं. तरी बरं वाटलं, हेही त्यानं स्वतःशी कबूल केलं.

त्याला पिकअपमधून उतरताना एक-दोघांनी पाहिलं. त्यावर चौकातल्या खानावळीच्या व्हर्नानं निर्णय दिला, की मिलोची गाडी बंद पडल्यामुळे डेल्बर्ट त्याला रोज आणून सोडतो. मग डेल्बर्टची गाडी दिवसभर वाचनालयासमोर का असते? याचा अर्थ एकच. तो आत असतो.

आणि इथंच खरी गंमत होती, किंवा निदान मिलोला सोडून इतरांना ती गंमत वाटली. कारण वाचनालय बंद करायचं, असं म्हणणारा डेल्बर्टच होता. "तिथं चिटपाखरू फिरकत नाही," असं तो भर सभेत म्हणाला होता. बोर्डानं मिलोच्या हातात एक मोजणीचं यंत्र दिलं होतं. दार ओलांडून माणूस आत आला, की बटण दाबायचं. सोमवारच्या सभेत आकडा सांगायचा आणि मग मतदान. तिघांपैकी आयरीन पोकॉर्नी वाचनालयाच्या बाजूची, दुसरा मेंबर विरोधात, आणि तिसरा डेल्बर्ट. गेल्या महिन्याचा आकडा होता एकतीस. त्यांतल्या अठरा वेळा व्हर्ना आली होती, तीही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला.

गॉर्डी थांबला. त्याच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती, त्याबद्दल त्याला डेल्बर्टशी बोलायचं होतं. पण गडीमाणसानं कामाच्या वेळी नुसतं बसून राहायचं म्हणजे काय? कुणी पाहिलं तर? त्यानं हाताला लागेल ते पुस्तक उचललं. ते उत्तर ध्रुवावर हरवलेल्या जहाजाबद्दल होतं.

दुपारी आणखी दोघं आले. एकाला रस्त्यावर खडी हवी होती, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या कुंपणाची तक्रार करायची होती. दोघांनी डेल्बर्ट कुठंय म्हणून विचारलं, मिलोनं इथं नाहीये म्हणून सांगितलं, दोघांनी खिडकीतून पाहिलं आणि दोघंही पुस्तक घेऊन बसले. डेल्बर्ट समोर का येत नाही, याबद्दल आपापसांत कुजबुज झाली. मागच्या खोलीत तो काउंटीचे जुने नकाशे अभ्यासतोय, असं एकाचं म्हणणं पडलं. दुसरा म्हणाला, की त्याला लपून काहीतरी वाचायचं असेल, आपण बघू नये.

आठवड्याभरात खुर्च्या कमी पडल्या. व्हर्ना दुपारी दालचिनीचे रोल घेऊन येऊ लागली. मिलो प्रत्येकाच्या वेळी बटण दाबायचा आणि पुन्हा यंत्रावरच्या आकड्याकडे बघायचा. ही माणसं वाचनालयात आली होती की डेल्बर्टकडे? ती मोजायची की नाही? नियमात लिहिलं होतं, दार ओलांडणारा प्रत्येक जण. का ओलांडलं, हे विचारायला नियमात जागा नव्हती. त्यानं नियम चार वेळा वाचला.

तिकडे डेल्बर्टही चक्रावला होता. लोक त्याला फोन करून म्हणत, "दिवसभर तुझी वाट बघितली रे." त्याला पिकअप विकल्याचं बोलता येत नव्हतं, म्हणून तो "कामात होतो" एवढंच म्हणायचा. शेवटी त्यानं मिलोला फोन केला.

"माझ्या नावानं तिथं काय चाललंय?"

"मला नीटसं कळलेलं नाही," मिलो म्हणाला. "पण गॉर्डी एकशे चाळिसाव्या पानावर आलाय."

सोमवारी सभेला खोली भरली. पहिल्याच रांगेत ऑर्व्हिल काठीवर हनुवटी टेकवून बसला होता. आयरीननं आकडा विचारला. मिलो उठला. त्यानं हातातला कागद उलगडला.

"दोनशे सात," तो म्हणाला.

विरोधातला मेंबर म्हणाला, की हे शक्यच नाही. त्यावर मागून गॉर्डी उठला. "शक्य कसं नाही? हा डेल्बर्टच सकाळी आठपासून तिथं असतो. त्याला विचारा."

सगळ्यांनी डेल्बर्टकडे पाहिलं. डेल्बर्टनं सासऱ्याकडे पाहिलं. ऑर्व्हिल जावयाकडे कौतुकानं बघत होता.

मिलो अजून उभाच होता. रात्रभर त्याला झोप नव्हती. वाचनालय गेलं तर आपण कुठं जायचं हे त्याला माहीत नव्हतं, पण खोट्या आकड्यावर ते टिकलं तर तिथं बसवणार नाही, एवढं त्याला माहीत होतं.

"या आकड्याबद्दल मला एक सांगायचंय," तो घसा खाकरून म्हणाला. "ही माणसं का आली, त्यामागं एक कारण आहे. म्हणजे मूळ मुद्दा पिक–"

"वाचनालय चालू ठेवावं, असा मी ठराव मांडतो," डेल्बर्ट खुर्चीवरून अर्धा उठत म्हणाला.

"माझं बोलणं पुरं झालेलं नाही," मिलो म्हणाला. "ती पिक–"

"आणि आठवड्यातून आणखी एक दिवस उघडं ठेवावं," डेल्बर्ट म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "बस आता, मिलो. पटलं आम्हाला."

आयरीननं लगेच अनुमोदन दिलं. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मिलो उभाच राहिला. आपण नक्की काय बोललो, ज्यानं एवढा परिणाम झाला, हे त्याला कुणी सांगेना.

शनिवारी वाढदिवस झाला. केक कापल्यावर डेल्बर्टनं सासऱ्याचा हात धरून त्याला शेडपाशी नेलं आणि नव्या गाडीवरचं कापड काढलं. म्हातारा बराच वेळ गाडीभोवती फिरला. टायरला काठीनं टोचून पाहिलं.

"चांगली गाडी आहे," तो म्हणाला. "मलाही नेहमी हीच कंपनी आवडायची. पण माझं दुकान दुसऱ्या कंपनीचं होतं ना, बोलणार कुणाशी?"

त्यानंतर बुधवारी मिलो नेहमीप्रमाणे गावाकडे निघाला. आता सगळ्यांना खरं कळलं होतं, म्हणून त्यानं दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट धरून ठेवले. समोरून गॉर्डी आला आणि त्यानं बोट उचललं. त्याच्यामागून व्हर्ना आली, तिनंही उचललं. ही सवय होती की नमस्कार, आणि असलाच तर कुणाला, हे मिलोला ठरवता आलं नाही. त्यानं आपलं बोट मात्र उचललं.

दहा वाजता वाचनालयाच्या दारात डेल्बर्ट येऊन उभा राहिला. आत गॉर्डी आणि आणखी पाच जण वाचत होते. कुणी मान वर केली नाही.

"एक बोलायचं होतं," डेल्बर्ट खालच्या आवाजात म्हणाला. "ती जुनी पिकअप मला परत देतोस का? नव्या गाडीतून चार दिवस फिरतोय. एक माणूस बोट उचलत नाही. या काउंटीत जन्मलो मी, मिलो. परका झाल्यासारखं वाटतंय."

मिलोनं खिडकीतून पोचा पडलेल्या फळीकडे पाहिलं. आयुष्यात त्यानं कुणाला सरळ नाही म्हटलेलं नव्हतं.

"होईल सवय त्यांना," तो म्हणाला. "मला सव्वीस वर्षं लागली. तोवर आत ये. आणि एखादं पुस्तक घे हातात, नुसतं बसलेलं बरं दिसत नाही."

डेल्बर्टनं दार ओलांडलं. मिलोनं बटण दाबलं.