एकमताने सुरक्षित

बुरहानपूरच्या संयुक्त केळी उत्पादक सहकारी संस्थेचा संगणक नीट चालू होता, आणि त्यामुळेच त्याचे नूतनीकरण करावे असे वरून कळवण्यात आले. नीट चालणाऱ्या गोष्टींना प्राधान्य द्यावे, बिघडलेल्या गोष्टींची माहिती अद्याप गोळा व्हायची आहे, असेही त्यात म्हटले होते.

ती एकत्रीकरणाची वर्षे होती. शहरातली ताप्ती संस्था आणि असीरगढाकडची असीर संस्था यांचे विलीनीकरण नुकतेच पार पडले होते. त्यात कोणाचा अपमान होऊ नये म्हणून सगळे दोन-दोन ठेवण्यात आले. अध्यक्ष दोन: ताप्तीचे शालिग्रामजी आणि असीरचे निंबाजी. भिंतीवर घड्याळेही दोन होती. ती वेगवेगळी वेळ दाखवत, आणि संस्थेचा कारभार दोन्ही वेळांना सारखाच उशिरा सुरू होई. संगणक मात्र एकच होता, कारण असीरवाल्यांकडे तो कधी नव्हताच. हे असीरवाले विसरले नव्हते आणि ताप्तीवाले त्यांना विसरू देत नव्हते.

सिंधीपुऱ्यातला, इंदूरला शिकलेला गिरधर नूतनीकरणासाठी नेमला गेला. त्याने संयुक्त बैठकीत माहिती दिली.

"काका, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनच्या आतला मुख्य कारभारी. त्याला विचारल्याशिवाय आत काही हलत नाही. आपली सिस्टीम विकतची नाही. तिचा सोर्स कोड, म्हणजे ती ज्यात लिहिली आहे तो सगळा मजकूर, फुकट मिळतो. नवा मजकूर आणायचा, मशीन त्यातून स्वतःच नवी सिस्टीम तयार करतं. तोवर जुनी चालू राहते. मग जुनी काढायची, नवी बसवायची. आधी सगळ्याची एक कॉपी बाजूला ठेवायची. सकाळी लावलं की संध्याकाळी मोकळे."

"कॉपी कशाला?" शालिग्रामजींनी विचारले.

"सेफ्टीसाठी. काही गडबड झाली तर जुनं परत बसवता येतं."

"म्हणजे गडबड होणार."

"होणार नाही काका. झाली तर."

"झाली तर जबाबदार कोण?"

इथपर्यंत हे काम संगणकाचे होते. यानंतर ते समितीचे झाले. सुरक्षित नूतनीकरण समिती तिथल्या तिथे स्थापन झाली. तिचे अध्यक्ष अर्थातच दोन होते. सचिव सुधाकरराव मात्र एकच होते, कारण काम करण्याचा मान दुसऱ्या कोणी मागितला नव्हता. कॉपी काढून संयुक्त कपाटात ठेवण्यात आली. कपाटाला दोन कुलुपे होती. मग संगणकाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि कामाचा शुभारंभ झाल्याचे जाहीर केले.

त्याच सकाळी गोदाबाई केळी घेऊन आली.

असीरगढच्या पायथ्याची ही बाई. यंदा पहिल्यांदा बाग तिच्या स्वतःच्या नावावर झाली होती, आणि संस्थेचे सभासदत्वही. भावाने ट्रॅक्टर लावून ट्रॉली आवारात सोडली आणि तो परत गेला. हिरवेगार घड केळीच्या पानांवर रचलेले होते. पद्धत अशी की संगणक नंबर देतो, नंबरवर बोली लागते, आणि बोली लागली की माल उत्तरेकडच्या ट्रकमध्ये चढतो. माल हिरवा असेल तरच चढतो. कापलेले केळ ही सहकार क्षेत्रातली एकमेव गोष्ट आहे जी कोणाच्या मंजुरीशिवाय पुढे जाते.

"साहेब, नंबर द्या. गोदाबाईच्या नावानं," तिने सुधाकररावांना सांगितले.

"नूतनीकरण सुरू आहे, बाई. जुन्या सिस्टीमवर नंबर देता येणार नाही."

खिडकीपाशी उभा असलेला गिरधर म्हणाला, "सर, येतं देता. नवी तयार होईपर्यंत जुनी चालूच आहे."

"नारळ फुटला आहे, गिरधर," सुधाकरराव म्हणाले. यावर इंदूरला काही शिकवलेले नव्हते.

"मग कागदावर लिहून द्या," गोदाबाई म्हणाली. "पेन तर चालते ना?"

"पेन चालते. पण ताप्तीचे की असीरचे?"

गोदाबाईने टेबलावरच्या दोन्ही पेनांकडे पाहिले. "जे चालते ते घ्या ना भाऊ. केळी काय इचारणार आहे, कोन्या पेनानं लिवलं म्हणून?"

सुधाकररावांनी तिला आवारात बसायला सांगितले. तिथे सावली होती. ही सोय दोन्ही संस्थांच्या वतीने होती.

बैठकीत निंबाजींनी मूलभूत प्रश्न उपस्थित केला. "हा जो मजकूर आणला, तो वाचला कोणी?"

"काका, जगभरचे लोक वाचतात. उघडाच आहे. कोणीही वाचू शकतं."

"कोणीही म्हणजे आपल्यापैकी कोणी?"

आपल्यापैकी कोणी नव्हते. वाचल्याची सही नसलेला कागद या संस्थेत पुढे सरकत नसे. वाचलेला कागदही सरकत नसे, पण ते सहीनिशी. मजकूर कागदावर काढण्याचे ठरले. कचेरीतला छपाईचा जुना डबा घरघरत बसला आणि कागदाची पट्टी व्हरांड्यातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून आवारात उतरली. वाचायला इतवाऱ्यातले निवृत्त इंग्रजीचे शिक्षक वामन सर बोलावले गेले. सरांनी लाल पेन काढले आणि पहिल्याच पानावर वाक्ये मोठ्या अक्षराने सुरू होत नसल्याचा शेरा मारला.

गोदाबाई पायरीवर आली. "साहेब, हे मास्तर तर पेपर वाचून ऱ्हायले. काम कुठं सुरू आहे?"

"तेच काम सुरू आहे."

"अन् माझा नंबर?"

"सर शेवटच्या पानावर पोचले की."

गोदाबाईने पायऱ्यांवरून वाहत आलेल्या कागदाकडे पाहिले, मग ट्रॉलीकडे. वरच्या घडातल्या एका केळ्याच्या टोकाशी हिरव्यात किंचित पिवळे दिसत होते. तिने त्यावर पान ओढले.

सरांचा अहवाल लवकरच, म्हणजे चौथ्या दिवशी आला, कारण ते एका ठिकाणी अडले होते. मजकुराच्या मध्येच लिहिणाऱ्याने स्वतःसाठी एक टीप ठेवली होती. सरांनी ती भाषांतर करून वाचून दाखवली: 'हे इथे का आहे ते मला कळत नाही, पण काढले की सगळे बंद पडते.'

समितीने ती टीप पुन्हा एकदा वाचून घेतली.

"लेखकालाच खात्री नाही," वामन सर म्हणाले. "अशा निबंधाला मी काठावर पास केलं असतं."

"सर, अशा टिपा सगळीकडे असतात," गिरधर म्हणाला. "चालतं ते."

शालिग्रामजींनी डोळे मिटून विचार केला. मग ते म्हणाले, "दुसरं घड्याळ भिंतीवर का आहे, सुधाकरराव?"

"ते कळत नाही, पण काढलं तर असीरवाले उठून जातील."

"अन् निंबाजी, पहिलं?"

"तेच," निंबाजी म्हणाले. "काढा, मंग ताप्तीवाले राहतात का पाहा."

पूर्वीचा दाखला मिळाल्यामुळे मजकूर मंजूर झाला. मशीनने तो घेतला आणि त्यातून नवी सिस्टीम कोणाची सही न घेता दुपारपर्यंत तयार केली. या कृतीची समितीने नापसंतीपूर्वक नोंद घेतली.

"आता बसवायची," गिरधर म्हणाला. "बसवताना मशीनवर एकच माणूस पाहिजे. बाकी सगळे बाहेर. सर्वात सुरक्षित पद्धत हीच."

दोन्ही अध्यक्षांनी आपापली खुर्ची संगणकाकडे सरकवली.

"एकच म्हणजे अध्यक्षच," शालिग्रामजी म्हणाले.

"माझंही तेच मत आहे," निंबाजी म्हणाले.

"काका, मी बसू का? मला येतं," गिरधर म्हणाला.

दोन्ही अध्यक्षांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो मागे सरकत दाराबाहेर, खिडकीपाशी गेला. एकत्रीकरणानंतर दोघांचे पहिले एकमत ते हेच. मग सुधाकररावांना विलीनीकरणाच्या आदेशातली ओळ आठवली: दोन्ही अध्यक्षांची संयुक्त सही ही एका अध्यक्षाची सही मानावी. त्यावरून दोघे मिळून एकच माणूस ठरतात असा निष्कर्ष निघाला. संगणकापुढे बाक टाकला गेला. कळफलकाचा डावा अर्धा भाग ताप्तीला, उजवा असीरला.

गिरधर खिडकीतून एकेक अक्षर सांगत होता. अक्षर ज्याच्या हद्दीत पडे, तो ते दाबी. दुसरा त्या वेळी बाहेर पाही. एंटरचे बटण असीरच्या बाजूला आले होते, त्यावर ताप्तीने लेखी हरकत घेतली. ते दोघांनी एकाच वेळी दाबावे असे ठरले. तेवढ्यात निंबाजींच्या कोपराने तीनदा भलतेच काही दाबले गेले. ते इतिवृत्तात घेतले नाही.

आवारात आता केळ्याचा वास सुटला होता. खिडकीशी गिरधर उभा होता, त्याच्याशेजारी गोदाबाई येऊन उभी राहिली.

"अजून किती?"

"मावशी, थोडंच राहिलं. आता जुन्या सेटिंग अन् नव्या सेटिंग जोडायच्या. मशीन एकेक फाइल दाखवतं अन् विचारतं: जुनी ठेवू, नवी घेऊ, की दोन्ही मिळवू?"

"माझं नाव जुनीत आहे ना?"

"तुमचं सभासदाच्या यादीत आहे, ते सेफ आहे. फक्त ते उघडणाऱ्यांची नावं या फायलीत आहेत."

आत तीच फाइल पडद्यावर आली होती. कोणाला संगणकात शिरू द्यायचे, त्यांची नावे आणि परवलीचे शब्द.

"जुनी ठेवू," शालिग्रामजी म्हणाले.

"जुनी म्हणजे तुमची," निंबाजी म्हणाले. "तीत आमचा एक माणूस दाखवा."

"मग मिळवू. तुमची नावं खाली घाला."

"खाली का? असीरगढ कधी खाली असतो का, शालिग्रामजी? डोकं वर करून पाहावं लागतं त्याच्याकडे."

"अन् पाणी प्यायला खाली ताप्तीवरच यावं लागतं."

हे दोन दिवस चालले. ते दोघे परस्परांना पूर्वीपासून ओळखत असल्यामुळे त्यात आजोबांपर्यंतचे उल्लेख आले. अखेरीस सुधाकररावांनी दाराआडून तोडगा सुचवला. जुनी नको, मिळवणेही नको. नवी घ्यावी. नवीत ताप्तीचे नाव नाही, असीरचेही नाही.

"काका, ती नका घेऊ," गिरधर खिडकीतून म्हणाला. "तीत कोणाचंच नाव नाही."

"म्हणजे कोणावर अन्याय नाही?"

"अन्याय नाही, पण..."

"मग झालं तर."

गिरधरने पुढचे अक्षर सांगितले. त्याचा करार कामाचा नव्हता, दिवसांचा होता. दोन्ही अध्यक्षांनी बोटे उचलली, एकमेकांकडे पाहून मान डोलावली आणि एंटर एकाच वेळी दाबला.

मशीन बंद झाले, चालू झाले. नवी सिस्टीम आली, झळझळीत. तिने विचारले: आपण कोण?

शालिग्रामजींनी नाव सांगितले. सिस्टीमने ओळखले नाही. निंबाजींना बरे वाटले. त्यांनी आपले सांगितले. तेही ओळखले नाही. आता शालिग्रामजींना बरे वाटले. सुधाकररावांचे, गिरधरचे, कोणाचेच नाव चालेना.

"म्हणजे बाहेरचा माणूस आता आत शिरू शकत नाही?" शालिग्रामजींनी विचारले.

"आतलाही शिरू शकत नाही," गिरधर म्हणाला.

"म्हणजे दुरुपयोगाची शक्यताच संपली," सुधाकररावांनी लिहून घेतले. "सुरक्षित नूतनीकरण पूर्ण."

"सर, आपण कॉपी ठेवली आहे ना कपाटात. ती द्या, तासाभरात जुनं परत आणतो."

कपाट उघडायला दोन्ही किल्ल्या हजर होत्या, दोन्ही अध्यक्षही हजर होते. पण संयुक्त कपाट उघडण्याआधी नोंद क्रमांक घ्यावा लागतो, आणि विलीनीकरणानंतर नोंद क्रमांक संगणक देत असे. सुधाकररावांनी हे अतिशय शांतपणे समजावून सांगितले. नियमात कुठेच फट नव्हती, याचा त्यांना अभिमान वाटत होता.

गोदाबाई हे सगळे खिडकीतून ऐकत होती. "म्हणजे तुमचं मशीन आता कोनालाच ओळखत नाही?"

"कोणालाच नाही, बाई."

"बरं झालं. मला इथं आधीपासूनच कोनी ओळखत नव्हतं. आता सारे बरोबरीत आले."

ती ट्रॉलीपाशी गेली. वरचे पान तिने उचलले आणि परत टाकले नाही. झाकण्यासारखे काही उरले नव्हते. घड खालपर्यंत पिवळे झाले होते, सालीवर काळे ठिपके उमटले होते. उत्तरेचा ट्रक असा माल पाहतही नाही.

नूतनीकरण पूर्ण झाल्यामुळे लोकार्पण करणे प्राप्त होते. आवारात मंडप पडला, संगणकाला हार घातला. प्रसादाचे काय, असा प्रश्न आला तेव्हा सुधाकररावांचे लक्ष ट्रॉलीकडे गेले. नंबर नसलेला माल कोणाच्या नावावर नसतो. आवारातला, कोणाच्या नावावर नसलेला माल संस्थेचा असतो. गोदाबाई म्हणाली, माल माझा आहे. सुधाकरराव म्हणाले, असेल, बाई, नंबर दाखवा.

भाषणे दोन झाली. दोन्हींत एकजुटीचे महत्त्व सांगितले गेले. केळी अप्रतिम पिकली होती. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना पुरली, आणि मागून आलेल्यांनाही. गोदाबाई फाटकाशी उभी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, "गोड होती का?" नाही असे कोणी म्हणाले नाही.

तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. दुसरे केळ घेतलेत, ते रास्तच होते, वाटणारा आग्रह करत होता. फाटकाशी तिने तुम्हालाही विचारले. तुम्ही थांबलात, हे तुमच्या चांगुलपणाला धरूनच झाले. तुम्ही म्हणालात, गोड होती बाई, आणि सिस्टीम सुधारायची म्हटली की थोडी कळ सोसावीच लागते. मग हातातली साल कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलेत, आणि तिथे एक रिकामी ट्रॉली उभीच होती.