कवळीची कसोटी

"तपासल्याशिवाय कुठलीही वस्तू माझ्या तोंडात जाणार नाही!" तपासणीसकाकांनी जाहीर केलं. कारखान्यात तीस वर्षं माल पास-नापास करून निवृत्त झालेला माणूस; घरचा चहासुद्धा ते उजेडात धरून मगच पीत. शनिवारी कारखान्यातल्या नव्या कामगारांपुढे सुरक्षिततेवर त्यांचं भाषण होतं. त्याआधी दात बसायलाच हवे होते.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवी कवळी हातात दिली. "जुनी दोनदा मोडली ना? म्हणून हिच्या प्लॅस्टिकमध्ये काचेचे बारीक धागे घातलेत."

तिथंच माशी शिंकली!

"काच? तोंडात?"

"धागे आत आहेत, काका. वर गुळगुळीत थर आहे. निर्धास्त वापरा."

घरी येताच काकांनी काकूंना विचारलं, "धागे आतच आहेत, कशावरून?"

"अहो, बाई म्हणाल्या ना!"

"म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे!"

काकांनी कवळी फरशीवर टाकली. टण्ण! मोडली नाही, बेडकासारखी उडी मारून कपाटाखाली गेली. काका पालथे पडून, धुळीनं माखून ती घेऊन आले. मग तिच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून स्वतः वर उभे राहिले. कवळी शाबूत, काका मात्र घसरून खुर्चीत!

"आता पुरे!" काकू ओरडल्या.

"धागे कुठं दिसले अजून?"

काकांनी लाकूड घासायचा पॉलिश पेपर काढला. अर्धा तास घासघास घासली. अखेर केसासारखे चकचकीत धागे वर आले. "सापडले!" म्हणत विजयी मुद्रेनं त्यांनी कवळी धुऊन बसवली.

दहाव्या मिनिटाला हिरड्यांना खाजकुयली लागल्यागत झालं. कवळी रुमालात, काका दवाखान्यात.

"काफ टोफतेय, बाई! काफ!"

"कफ? खोकल्याचं औषध मी देत नाही, काका."

"काफ! काफ!"

"काच म्हणताहेत," मागून धापा टाकत आलेल्या काकू म्हणाल्या.

बाईंनी भिंगातून पाहिलं. "इथला थर कुठं गेला? तो होता तोवर काही भीती नव्हती. धागे उघडे पडले की टोचणारच! कुणी घासली ही?"

काका छताकडे बघू लागले.

नवी कवळी व्हायला आठवडा लागला. तोवर काका नुसतं सूप पिऊन राहिले आणि सुरक्षिततेवरचं भाषण काकूंनी वाचून दाखवलं. टाळ्याही घेतल्या!

नवी कवळी बाईंनी काकूंच्याच हाती सोपवली. आता जेवायच्या आधी काकांना बायकोपुढे हात पसरावा लागतो. आणि तोंडात दातच नसल्यामुळे ते नेमकं काय मागताहेत, हे काकूंना तीनतीनदा ऐकल्याशिवाय कळतच नाही!