देवमनकाका आणि भंगारातला ट्रॅक्टर

देवमनकाकांना माणसाचा खोकलासुद्धा इंजिनासारखा ऐकू येतो. एका थंडीत मी दारात खोकत उभा होतो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "मास्तर, तुमच्या लाइनीनं हवा धरली!" त्यांचे जावई दुपारी घोरत पडले होते, तर काका काकूंना म्हणाले, "पोरगा चांगला हाये, पन सायलेन्सर फाटला त्याचा." जावई नेमके तेव्हाच जागे झाले. पुढची दिवाळी त्यांनी पुण्यातच केली.

अंजनगाव सुर्जीत आमची घरं लागून आहेत. मी घरी शिकवण्या घेतो आणि काका, सूतगिरणी बंद पडल्यापासून, अंगणात जुने छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करतात. छोटे म्हणजे संत्र्याच्या दोन ओळींमधून आरामात जाणारे. मोठा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की काका तोंड फिरवतात. "फांद्या मोडनारा पाव्हना!"

त्या वर्षांत बोअर आटत होत्या, वाळलेल्या बागा तुटत होत्या, आणि बागेबरोबर हे ट्रॅक्टरही भंगारात जात होते. काका अकोल्याच्या भंगारबाजारात चक्कर मारायचे. एखादा आणायचे, चालू करायचे, गरजूला देऊन टाकायचे.

एकदा त्यांनी जे आणलं, त्याला ट्रॅक्टर म्हणायला धाडस लागलं असतं. बॉनेट नाही, सीट नाही, टाकीत गांधीलमाश्यांचं पोळं.

"काका, हा मेला," मी म्हणालो.

"इंजिन मरत नाई मास्तर, रुसते."

हा मात्र भलताच रुसला होता. पिस्टन आतच जाम. काकांनी वरून रॉकेल ओतलं, वाट पाहिली, ठोकलं, पुन्हा ओतलं. अखेर पिस्टन निघाला आणि काकांनी तो धुवायला थेट स्वयंपाकघरातल्या परातीत टाकला. कुसुमकाकू माझ्या बायकोला सांगत होत्या, "लोकायच्या घरी परातीत कनिक भिजते. आमच्या घरी पिस्टन." परात काकूंनी परत घेतली नाही. नवी आणवली, तीही काकांकडूनच.

मध्येच अचलपूरचा एक बागायतदार आला. काम अर्धवट असतानाच त्याला हा ट्रॅक्टर पसंत पडला. काका एरवी लगेच हो म्हणाले असते.

"हा द्याचा नाई."

"काऊन?"

"नाई म्हनलं ना!" आणि पाना घेऊन ट्रॅक्टरखाली शिरले. बिचारा त्यांच्या पायांशी थोडा वेळ बोलला आणि निघून गेला.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी काकांनी हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. फुस्स. माझी शिकवणी थांबली, पोरं कुंपणावर चढली. काकांनी सदरा काढून फेकला आणि असं हँडल फिरवलं की मला त्यांच्या खांद्याची काळजी वाटली. ढक... ढक... आणि मग ढकढकढक! धुराचा काळा लोट गच्चीवर गेला, काकूंच्या कुरडया काळ्या झाल्या, आणि काकू ओरडायचं सोडून टाळ्या वाजवत होत्या.

"बसा मास्तर!" काका गरजले. मी मडगार्डवर बसलो आणि आमची वरात बाजारातून निघाली. दुकानदार बाहेर आले. पानवाल्यानं काकांच्या तोंडात विडाच कोंबला. काका राजासारखे मान डोलवत होते.

ट्रॅक्टर थांबला हमीदभाईंच्या दारात.

मी दचकलो. हमीदभाई काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आपली वाळलेली संत्र्याची बाग तोडली, तेव्हा काकांनी भर बाजारात त्यांना भेकड म्हटलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या घरी गेले नव्हते.

हमीदभाई बाहेर आले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तिथंच ठेवून उभे राहिले.

"हा तं माहा हाये. मी भंगारात देल्ला होता."

जगातल्या प्रत्येक बिघाडावर बोलणारे काका हातांचं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले, "हमीद, त्या दिवशी मी लय बोललो. बाग तुही होती. तुह्या बाजूले बसून रडाले पायजे होतं मीनं."

हमीदभाईंनी स्टिअरिंग हळूच फिरवून पाहिलं.

"बोअरले थोडं पानी आलं," मग म्हणाले. "रोपं आनून ठेवली हायेत. वखराले कायी नव्हतं." आणि सीटवर चढत म्हणाले, "सरक बे तिकडं."

मी आपणहून मडगार्डवरून उतरलो. दोघं तसेच शेताकडे गेले.

दुपारी मी काकूंना विचारलं, काका जेवायला आले का. काकूंनी त्यांचं ताट वाढलंच नव्हतं.

"आज तिकडंच जेवतीन," त्या म्हणाल्या. "वरीसभर इथं घास उतरत होता का त्यायच्या गळ्याखाली?"