आधी ऊन, मग जावई

आमच्या शेजारच्या आबा पारख्यांकडे पाहुणा आला, की त्याच्याआधी त्याच्या वळकटीची विचारपूस व्हायची. टांगा थांबला रे थांबला, की आबा पायऱ्या उतरून वळकटी ताब्यात घेत आणि अंगणातल्या उन्हात उलगडून टाकत. पाहुणा हात जोडून उभाच. "पहले धूप, फिर राम-राम," आबा म्हणत. माधवनगरातल्या पोराटोरांनाही हे पाठ होतं.

हे सगळं ढेकणांच्या धास्तीनं. आबा शाळेत गणित शिकवत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगी कुसुम. पलंगाचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत. दर रविवारी खाटा अंगणात येत आणि सांध्यांत उकळतं पाणी पडे. तेही आमच्या बंबातलं, कारण त्यांचा बंब गळका. इंदूरला जाताना आबा गाडीत उभ्यानं जात. "बाकाच्या फटीत कोण बसलंय, तुम्हाला काय मालूम, वहिनी?" टॉवर चौकातल्या हॉटेलात खुर्ची दोनदा आपटल्याशिवाय बसत नसत. मालक ओळखीचा, म्हणून निभायचं.

हसायला ठीक आहे हो. पण देवासचं एक चांगलं स्थळ ह्याच धुपेपायी हातचं गेलं. मुलाच्या मामांची गादी आबांनी भर अंगणात झटकली आणि मामा पोह्यांना हात न लावता परत गेले. कुसुम माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती. पुढे ग्वाल्हेरला लग्न जमलं, तेव्हा सुटकेचा निःश्वास आधी मी टाकला.

त्या वर्षी तिचा दिवाळसण आणि नवं राज्य बरोबरच आलं. मध्य भारत हे आमचं जुनं राज्य संपलं, राजधानी भोपाळ ठरली आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतले बाबूलोक तिकडे निघाले. त्यांत जावईबापूही. क्वार्टर मिळेपर्यंत त्यांना एका जुन्या बराकीत बाकीच्यांबरोबर टाकलं होतं. कुसुम आधीच माहेरी आली होती. ते थेट बराकीतून येणार होते, वळकटीसकट!

कुसुमनं माझ्यासमोर आबांना धरलं. "ह्यांच्या अंथरुणाला हात लावायचा नाही. महाकालाची शपथ घ्या. देवासची गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेलीय. म्हणाल्या, आमच्या मुलाच्या बाबतीत असं काही झालं तर माहेर विसरायचं."

आबांनी शपथ घेतली, पण त्यांचं अन्नावरचं लक्ष उडालं. दुपारी कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, टांगेवाल्याला सांगून टांगा जरा धूप-धूपमधून फिरवून आणला तर? तेवढं तर चालेल ना?"

नेमकी गाडी लेट झाली. जावई आले ते दिवेलागणीला. ऊन कसलं नि काय!

मी फराळाचं ताट घेऊन गेले, तेव्हा कुसुम आत चहा करत होती. जावई साधा मुलगा. "तुम्हाला त्रास नको, मी माझ्याच गादीवर झोपेन," म्हणत त्यानं बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर वळकटी सोडली. आणि गादीच्या काठावरून एक ढेकूण शांतपणे चालत निघाला. मी पाहिला. आबांनीही पाहिला. त्यांचा हात पुढे झाला. आता ही गादी अंगणात जाणार, आणि कुसुमचं माहेर तिच्याबरोबर.

पण आबा जावयाच्या मनगटाकडे पाहत होते. कोपरापर्यंत लाल चट्टे, डोळे जाग्रणानं तांबारलेले. पोरगा भोपाळला किती रात्री असा काढत होता कोण जाणे.

आबा गादीवर बसले. गणिताच्या मास्तरांना इतकं वाईट खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "वा! काय मऊ आहे हो! माझी पाठ धरलीय. आजच्यापुरती मला द्या. तुम्ही आत माझ्या पलंगावर झोपा."

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानाला जावई टवटवीत होऊन उठले. आबांची मान मात्र लाल चट्ट्यांनी भरली होती.

"आबा, हे काय?" कुसुम घाबरली.

"मच्छर, बेटा. नदीकाठचं गाव, चालायचंच."

पाठ काही बरी होईना. जावई होते तोवर आबा त्याच गादीवर झोपले.

मग क्वार्टर मिळाल्याचं कळलं आणि दोघं भोपाळला गेली. कुसुम टांग्यातून वळून वळून पाहत होती. आता तिचं घर तिकडेच. टांगा दिसेनासा झाला तरी आबा फाटकाशी उभे होते.

मी घरी येऊन न सांगता बंब पेटवला. पाण्याला आधण आल्यावर हाक मारायला गेले, तर आबा त्याच खाटेवर बसलेले. खाट भिंतीशीच होती, अंगणात काढलेली नव्हती.

"पाणी उकळलंय, आबा."

"आज राहू द्या, वहिनी," ते मान खाजवत म्हणाले. "पोरीच्या घरून आलेत. दोन दिवस राहतील. घरात कोणी तरी असू दे."

मी परत आले आणि बंब विझू दिला.