बिनसीलाचं घड्याळ

"आठ दिवस द्या मला, फक्त आठ दिवस," मापसाहेब बागेतल्या बाकावरून म्हणाले. "या घड्याळाला खोटं पाडून दाखवतो. तेसुद्धा लेखी!"

हे ते पोस्टमास्तरांना सांगत होते. निवृत्त पोस्टमास्तर रोज अकरा ते साडेबारा त्यांच्या शेजारी बसत आणि त्यांच्या मनगटावरही असंच एक घड्याळ होतं. ते थरथरलं की पोस्टमास्तर पाणी पीत. पुन्हा थरथरलं की उठून उभे राहत. उभ्या आयुष्यात बायकोचं एक वाक्य शेवटपर्यंत न ऐकलेला हा माणूस मनगटावरच्या डबीने हुकूम सोडला की मुकाट्याने पाळत होता. मापसाहेबांना त्याची भयंकर चीड येई.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते, म्हणून पडलेलं. तळाला पोचा पाडलेलं लिटरचं माप, आतून पोखरलेलं किलोचं वजन, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पहिला इंच कापलेला गज, हे सगळं त्यांनी नुसत्या नजरेने पकडलं होतं. जगातल्या कुठल्याही मोजणाऱ्या वस्तूकडे पाहून ते एकच प्रश्न विचारत: "सील कुठंय?" सरकारी शिक्का नसलेलं माप म्हणजे त्यांच्या लेखी चोर. तो अजून पकडला गेला नाही, एवढंच.

आणि अशा माणसाला त्याच्या मुलीने वाढदिवसाला काय पाठवावं? पावलं, झोप आणि हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. ते तिच्या फोनला जोडलेलं होतं आणि फोनमधून गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या अ‍ॅपलाही. "बाबा, रोज सहा हजार पावलं," तिने दूरच्या शहरातून फर्मावलं होतं. "मला इथे सगळं दिसेल."

मापसाहेबांनी घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं. सील नव्हतं.

मग त्यांनी रीतसर तपासणी सुरू केली. मोठ्याने मोजत घरातल्या घरात दोनशे पावलं चालले. घड्याळ म्हणालं एकशे त्र्याऐंशी. "सतरा पावलं खाल्ली," त्यांनी वहीत नोंद केली. दुपारी ते तासभर वर्तमानपत्र वाचत बसले, तर घड्याळाने पन्नास मिनिटं गाढ झोप दाखवली. "धडधडीत खोटं!" ते ओरडले.

"घोरत होतात," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. या बाईंना सगळी इमारत मावशी म्हणत असे. हे वाक्य मात्र वहीत नोंदलं गेलं नाही.

तिसरी चाचणी सगळ्यात जालीम होती. "समजा, माझ्याऐवजी दुसऱ्याच माणसाच्या हाताला हे बांधलं," मापसाहेबांनी मावशींना समजावलं, "आणि घड्याळाला पत्ताच लागला नाही, तर ते घड्याळ कसलं? हात कर पुढे."

"मला कशाला? माझे हात ओले असतात."

"पाण्यात चालतं म्हणे. आण इकडे."

त्यांनी पट्टा आवळला. त्यांच्या मनगटाला तो पहिल्या भोकावर बसे, मावशींच्या मनगटाला चौथ्यावर. दिवसभर मावशी घड्याळासकट घर फिरल्या. संध्याकाळी मुलीचा फोन आला की मापसाहेब तिला सुनावणार होते: बघ, तुझ्या यंत्राला माणूससुद्धा ओळखता येत नाही. वाक्य तोंडपाठ होतं.

फोन आला. "बाबा, अकरा हजार चारशे पावलं?" मुलीचा आवाज भरून आला होता. "मला वाटलं होतं, तुम्ही ते खणात टाकून द्याल. तुम्ही माझं ऐकलंत! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं."

मापसाहेबांचं तोंड उघडलं. तोंडपाठ वाक्य आतच राहिलं. शेंडेफळ पोरगी, आणि तिने शेवटचं कौतुक केलं होतं ते कधी, हेही आठवत नव्हतं.

"जमतं हळूहळू," ते म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवशी बारा हजार. तिसऱ्या दिवशी अ‍ॅपने एक चकचकीत पदक पाठवलं, ते मुलीने त्यांच्या फोनवर धाडलं आणि मापसाहेबांनी बाकावर नेऊन दाखवलं. पोस्टमास्तर चाट पडले. "पण तुम्ही तर इथून हलत नाही."

"सकाळी उरकतो," मापसाहेब म्हणाले. चौतीस वर्षं दुकानदारांची थापेबाजी ऐकून ऐकून त्यांना ती बऱ्यापैकी जमू लागली होती.

आठाचे बारा दिवस झाले. घड्याळ मावशींच्याच हातावर होतं आणि कौतुक मापसाहेबांच्या पदरात.

"अहो," मावशी एकदा म्हणाल्या, "हे मधूनच थरथरतं. जिन्यात तर फारच."

"थरथरू दे. पोस्टमास्तरांचंही थरथरतं. पाणी पी."

मावशी पाणी प्यायल्या. "मलाही हल्ली जिन्यात धाप लागते जरा. छातीत काहीतरी फडफडल्यासारखं होतं."

"वय झालं तुझं," मापसाहेब म्हणाले. ते स्वतः मावशींपेक्षा पाच वर्षांनी मोठे होते, आणि हे वाक्य ते आरामखुर्चीतून बोलत होते.

तेराव्या दिवशी सकाळीच मुलीचा फोन आला. "बाबा, आहात तिथे बसा. अजिबात हलू नका. तुमच्या हृदयाचे ठोके चुकतायत. चार दिवसांत सहा वेळा! अ‍ॅपवर लाल खूण आलीय. मी अकराची वेळ घेतलीय, टॅक्सी खाली येतेय."

दुसऱ्या कोणाला घाम फुटला असता. मापसाहेबांना उकळ्या फुटल्या. त्यांचं हृदय ठणठणीत होतं, याची त्यांना खात्री होती. म्हणजे घड्याळ आपल्या पायांनी चालत पिंजऱ्यात आलं होतं. आता हॉस्पिटलच कपाळावर हात मारून घेणार आणि तसं लिहून देणार.

"अहो, पण घड्याळ तर माझ्या..." मावशींनी सुरुवात केली.

"तू गप्प बस गं. लेखी मिळतंय."

मावशींच्या हातावरचं घड्याळ त्यांनी सोडवलं, आपल्या हाताला बांधलं आणि निघाले. मावशींनी जुने रिपोर्ट पिशवीत भरले, पाण्याची बाटली घेतली, गॅस बंद केलाय ना ते दोनदा पाहिलं आणि मागोमाग निघाल्या.

हॉस्पिटलच्या दारात माणसांनी रांग लावू नये म्हणून एक यंत्र बसवलं होतं. त्या यंत्रापुढे माणसांची रांग होती. काचेवर बोट टेकवून नाव, वय, फोन नंबर भरायचा, मग फोनवर आलेला ओटीपी टाकायचा. कोणालाच ते जमत नसल्यामुळे यंत्राशेजारी एक वॉचमन उभा होता आणि तो सगळ्यांचं विचारून भराभर बटणं दाबत होता. मापसाहेब खूश झाले. म्हणजे इथेही माणूसच लागतो तर! पुढच्या पडद्यावर प्रश्न आला: आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.

"अजून आत कुठे गेलोय?" मापसाहेब म्हणाले.

"पाच दाबतो," वॉचमन म्हणाला. "त्याशिवाय पुढे जात नाही ते."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भलत्याच शांत. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, तिला टेबलावरच्या रुमालाच्या खोक्याला टेकवून उभं केलं. मापसाहेबांच्या छातीला तारा लावल्या, ईसीजी काढला, सोनोग्राफी केली, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. तास-दीड तास गेला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले.

"काका, काही म्हणजे काही नाही. पन्नाशीतलं हृदय आहे तुमचं."

"आणि हे?" मापसाहेबांनी घड्याळाचा हात पुढे केला. "हे काय म्हणत होतं? चौतीस वर्षं नोकरी केली आहे, बाई. ज्या मापावर सील नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याची काय गत होते, ते मी पाहिलंय. तुम्ही शिकलीसवरलेली माणसं, आणि याच्या सांगण्यावरून मला पट्ट्यावर पळवता?"

"बाबा," खोक्याला टेकलेली मुलगी म्हणाली, "बरे आहात ना, बस झालं मला."

"मला बस नाही. घड्याळ सदोष आहे, असं लिहून द्या."

डॉक्टरीणबाईंना बाहेरचे चौदा पेशंट दिसत होते. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि वर गोल शिक्का मारला. शिक्का! मापसाहेबांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. शाई ओली होती. उद्या अकरा वाजता हा कागद पोस्टमास्तरांच्या नाकासमोर कसा धरायचा, तेही त्यांनी ठरवून टाकलं.

"एक मात्र आहे, काका," डॉक्टरीणबाई पडदा त्यांच्याकडे वळवत म्हणाल्या. "ठोके चुकीचे असतील, पण दिवस मात्र फार शिस्तीचा आहे तुमचा. पहाटे साडेपाचला सुरुवात. आठपर्यंत एकदाही बसणं नाही."

मापसाहेबांनी मान डोलावली. कौतुक घ्यायची आता सवय झाली होती.

"दहाच्या सुमाराला घरातल्या घरातच दोन हजार पावलं. दुपारी दोन ते दोन वीस, एवढीच काय ती बैठक. आणि हे अकरा वाजता काय करता हो? रोज तीन मजले चढता, वर पंधरा मिनिटं हात सारखे वरखाली, मग उतरता. लाल खुणा सगळ्या तिथल्याच आहेत, चढतानाच्या."

अकरा वाजता मापसाहेब बाकावर असत. रोज.

आणि अकरा वाजता कपडे गच्चीवर वाळत पडत. ते तिथे कसे जातात, याचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. संध्याकाळी ते घडी होऊन कपाटात असत, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. उभ्या उभ्या रेघा होत्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि मध्ये एवढीशी फट, दोन ते दोन वीस. जन्मभर लोकांचे तराजू तपासत हिंडलेल्या या माणसाने घरातल्या बाईचा एक दिवस कधी मोजला नव्हता. जिन्यात तर फारच थरथरतं, असं ती म्हणाली होती. आणि ते म्हणाले होते, पाणी पी.

दाराच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. मावशींनी आपली जागा कोणा म्हाताऱ्याला दिली होती आणि भिंतीला हात टेकवून उभ्या होत्या. पिशवी मात्र खाली ठेवली नव्हती.

हातात कागद होता. खिशात घातला असता तर कोणाला काही कळलं नसतं. घरी जाऊन काहीतरी निमित्त काढून मावशींना दुसऱ्या डॉक्टरकडे नेता आलं असतं, पुढच्या आठवड्यात, गुपचूप. मुलीसमोर अब्रू राहिली असती. हा विचार त्यांच्या मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो विचार कागदाची घडी करण्याइतका वेळ टिकला.

मग त्यांनी घडी उलगडली आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे खोडा," ते म्हणाले. "माप बरोबर आहे. पारड्यात माल दुसऱ्याचा होता."

"म्हणजे?"

"घड्याळ माझ्या हातात नव्हतं. पहिले दोन दिवस सोडले तर कधीच नव्हतं. ती बाहेर उभी आहे बघा. तिला आत घ्या आधी, मग मला काय बोलायचं ते बोला."

डॉक्टरीणबाई सरळ उठून, दार उघडून मावशींना हाताला धरून आत घेऊन आल्या. त्याच तारा लावल्या, तीच सोनोग्राफी झाली. पट्ट्यावर मात्र कोणी पळवलं नाही. लागलीही नाही गरज. ठोके चुकत होते. "वेळेवर सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच राहिलं असतं तर पुढे अर्धांगाची भीती असते. गोळ्या देते. महिनाभर जिना बंद, धुणं बंद, जड उचलणं बंद."

"मग घरातलं कोण करणार?" मावशींनी विचारलं. आजाराविषयी त्यांचा तेवढाच प्रश्न होता.

खोक्याला टेकलेल्या मुलीने हे सगळं ऐकलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "अशाच लबाडीसाठी तुम्ही दुकानदारांवर खटले भरायचात ना?"

"हो," मापसाहेब म्हणाले.

आता घड्याळ मावशींच्या हातावर आहे, चौथ्या भोकावर, राजरोस. दिवसाची पावलं नऊशेच्या वर जात नाहीत. त्या आरामखुर्चीत बसलेल्या असतात आणि फार वेळ बसून राहिलं की ते थरथरतं. "अहो, हे उठा म्हणतंय," त्या सांगतात. आणि मापसाहेब उठतात. कपडे घेऊन चोपन्न पायऱ्या चढतात, वाळत घालतात, चोपन्न उतरतात, मग भांडी, मग केर. बाकावर पोस्टमास्तर एकटेच पाणी पितात.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मापसाहेबांनी फोन घेऊन दार लोटलं आणि आवाज खाली आणून मुलीशी बोलू लागले. "नाही, आई बरी आहे. मी काय म्हणत होतो... दिवसभर नुसता पळतोय मी इथे. बारा हजार तरी होत असतील, पण कोणाच्या गणतीतच नाही. तर तसलंच आणखी एक मिळालं तर बघ. साधं असलं तरी चालेल."

दार पुरतं लागलं नव्हतं.

"आणि तिला म्हणावं," आरामखुर्चीतून मावशी म्हणाल्या, "सील मारलेलं पाठव."