जॉनी धुरी हात वर करतात तेव्हा

आमच्या शेजारचे जॉनी धुरी बोलता बोलता मध्येच उजवा हात वर करतात, मान कलती करतात आणि थांबतात. समोर डॉक्टर असो, वॉचमन असो, नाहीतर भाजीवाला. "अर्धा किलो भेंडी," म्हणायचं आणि हात वर. नवीन आलेल्या भाजीवाल्याला वाटलं, काका वर काहीतरी दाखवतायत. तो बिचारा वर बघायला लागला. मग मागची गिऱ्हाइकंही वर बघायला लागली. वर काही नव्हतं. थोड्या वेळाने काकांचा हात खाली आला आणि ते पडेल आवाजात म्हणाले, "कोवळी दे."

भाजीपर्यंत ठीक होतं. पण आमचे सेक्रेटरी कदम यांचे वडील गेले, तेव्हा काका शोकसभेत उभे राहिले, "भला माणूस होता," म्हणाले, आणि हात वर! आम्ही सगळे गार पडलो. कदमांच्या आत्याने घाबरून टाळी वाजवली. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गात मुलं श्वाससुद्धा विचारून घेतात. पण त्या दिवशी हसू दाबता दाबता माझ्याच डोळ्यांना पाणी आलं आणि कदमांना वाटलं, वैशालीताई किती हळव्या.

माझं काकांबद्दल मत ठरलेलं होतं. हा माणूस टाळ्यांचा हावरट आहे.

जॉनी हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाही. मूळ नाव जनार्दन. भांडुपला आज जिथे आमचा टॉवर आहे, तिथे पूर्वी बैठी चाळ होती. वडील गिरणीत, घरात दशावताराचं वेड, आणि या पोराने कुठूनतरी एक गिटार पैदा केली. गणपतीत मांडवात 'जॉनी धुरी अँड हिज वादळ' असा फलक लागायचा. काका मराठीत रॉक अँड रोल गायचे, स्पीकरच्या खोक्यावर चढायचे आणि तिथून खाली उडी मारायचे. वडिलांनी पहिल्या रांगेतून चप्पल फेकली होती म्हणे. काकांनी ती झेलली आणि गाणं न थांबवता परत केली.

मग डीजे आले आणि वादळ शमलं. काका मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. राहिलं ते काळं चामड्याचं जाकीट. मे महिन्यात दूध आणायला जातानाही ते अंगावर असतं.

"काढा तां जाकेट, उकाड्यान मरशात!" शैलाकाकी आतून ओरडतात.

"जाकीट काढलं तर पब्लिक ओळखणार कसं?" काका म्हणतात. लिफ्टमध्ये शिरले की पहिला प्रश्न, "काय वैशाली, पब्लिक काय म्हणतंय?" लिफ्टमधलं पब्लिक म्हणजे मी आणि कचऱ्याचा डबा.

शैलाकाकी म्हणजे दुसरं टोक. पदर कायम खोचलेला, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्यांच्या मजल्यावर पोरं खेळताना आवाज करत नाहीत. हळदीकुंकवाला त्या आल्या की बायका आपोआप नीट बसतात. अशी बाई असल्या माणसाच्या गळ्यात कशी पडली, हे आमच्या सोसायटीला न सुटलेलं कोडं होतं.

तर अशा या जॉनी धुरींच्या दारात एका सकाळी एका टीव्ही वाहिनीची तन्वी नावाची मुलगी उभी राहिली. वाहिनीला विसरलेल्या कलाकारांना पुन्हा रंगमंचावर उभं करायची लहर आली होती. मुलुंडच्या नाट्यगृहात काकांचा कार्यक्रम होणार, तो टीव्हीवर दिसणार आणि त्याचा लाइव्ह अल्बमही निघणार. ही बातमी ऐकून कदमांच्या हातून मेंटेनन्सची पावती-पुस्तकं खाली पडली.

"लाइव्ह अल्बम म्हणजे काय हो?" त्यांनी काकांना विचारलं.

"कलाकार जिवंत असताना काढतात तो," काका म्हणाले.

पार्किंगमध्ये तालीम सुरू झाली. गुडघ्याला पट्टा, अंगात जाकीट, आणि आवाज असा की स्कूटरचे सायरन आपोआप वाजायचे. तन्वीने भीत भीत विचारलं, "काका, ती स्पीकरवरची उडी जमेल?"

"पब्लिक म्हणालं तर मारू," काका म्हणाले, आणि हात वर.

तन्वीने उत्साहाने टाळ्या वाजवल्या. काकांनी हात खाली घेतला. चेहरा मात्र पडलेलाच. मी मनात म्हटलं, बघा, टाळी मिळाली तरी पोट भरत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात आले. हातात एक पास होता.

"तू शैलाला घेऊन ये. मी सांगितलं म्हणू नको."

"काका, तुम्हीच सांगा ना!"

"ती माझ्या प्रोग्रामला येत नाय गं. लग्न झालं त्या वर्षापासून नाय आली. हा शेवटचा प्रोग्राम. यापुढे मला कोण विचारतंय?"

हे बोलताना त्यांचा हात वर गेला नाही. मला एकदम कसंतरी झालं. मी पास घेतला.

काकींना मी म्हटलं, मला एकटीला जायचा कंटाळा आलाय, सोबत चला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "तेनी सांगल्यानी काय?"

"नाही हो."

"मास्तरणीन खोटां बोलू नये," त्या म्हणाल्या, आणि कपाट उघडून हिरवी रेशमी साडी बाहेर काढली.

नाट्यगृहात आम्ही सोसायटीवाले चार रांगांत मावलो. बाकी खुर्च्यांवर कुठूनतरी बसने आणलेली तरुण मुलं होती. कानाला हेडफोन लावलेला एक माणूस समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी हात वर केला की टाळ्या, खाली केला की बंद. मध्ये आवाज नको." मी हादरलेच. टाळ्यांनाही गृहपाठ?

काका आले. जाकिटाला पॉलिश केलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं. आवाज फाटत होता. श्वास पुरत नव्हता. गाणं संपल्यावर त्यांनी हात वर केला, तर हेडफोनवाल्यानेही हात वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडफोनवाल्याचा हात खाली आला आणि नळ बंद करावा तशा टाळ्या थांबल्या. काकांनी एकदा त्या रिकाम्या शांततेत मान कलती केली, आणि सरळ केली.

दुसरं गाणं त्याहून वाईट झालं. माणसाची वाट लागत होती, आणि तीही सगळीकडून कॅमेरे लावून. त्यांची चेष्टा करणारी मी, देवा, हे लवकर संपव, म्हणत बसले होते. शेजारी काकी मांडीवर हात ठेवून स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

शेवटचं गाणं त्यांचं एके काळी गाजलेलं. पोरगा स्कूटर घेऊन चाळीखाली उभा आहे आणि पोरगी खिडकीत येत नाही, अशी गाण्याची गोष्ट. प्रत्येक कडव्याअखेर तो विचारतो, "हॉर्न देऊ का?" आणि वाद्यं गप्प होतात. मग पुन्हा ढोल वाजतो आणि पुढचं कडवं सुरू होतं. ती जागा मोकळी का ठेवलीय, हे तालमीत वादकांनीही विचारलं होतं. "राहू दे," एवढंच काका म्हणाले होते.

पहिल्या कडव्यात जागा रिकामी गेली. दुसऱ्यातही गेली. शेवटच्या कडव्याला काकांचा आवाज जवळजवळ संपला होता. "हॉर्न देऊ का?" त्यांनी विचारलं, हात वर केला, मान कलती केली. नाट्यगृह चिडीचूप झालं.

आणि शिट्टी वाजली.

साधी नाही. मांडव फाडणारी, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन परत येणारी. माझा संताप अनावर झाला. म्हातारा माणूस जीव तोडून गातोय आणि हा कोण मवाली? मी मागे वळले. मागचे सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. मी मान फिरवली. शैलाकाकींची दोन बोटं तोंडात होती. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

मला आयुष्यात इतका धक्का बसलेला नाही. कदम उभे राहिले आणि कशासाठी उभे राहिलो ते विसरून तसेच उभे राहिले. हेडफोनवाल्याचा हात ना वर ना खाली, मधेच लटकला.

रंगमंचावर जॉनी धुरी गाणं विसरले होते. त्यांचं तोंड उघडं होतं. मग त्यांच्यातून जो आवाज आला तो पार्किंगमध्ये कधी ऐकला नव्हता. ते स्पीकरवर चढले. "गुडघो!" काकी ओरडल्या. तोवर उडी पडलीसुद्धा. बसने आणलेली पोरं खुर्च्यांवर चढली, आणि त्यांना तसं कुणीही सांगितलं नव्हतं.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "काकी, ती शिट्टी..."

"पुढचो दात पडलो, म्हणान बारीक इली," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण काही दिवसांनी अल्बमची तयार प्रत माझ्या फोनवर आली आणि ऐकायला काका आमच्याकडे बसले. शेवटचं गाणं लागलं. "हॉर्न देऊ का?" आणि मग शांतता. शिट्टी नव्हतीच. काकांनी तन्वीला फोन लावायला सांगितलं.

"शिट्टी खंय?"

"अहो काका, कुणीतरी टपोरी होता. साउंडवाल्याने काढून टाकली. आता एकदम क्लीन आहे, झकास!"

"मग माझा पण आवाज काढून टाक. अल्बम नको मला," काका म्हणाले आणि फोन माझ्या हातात ठेवला.

तन्वी माझ्याकडे गयावया करू लागली, मॅडम, तुम्ही समजवा ना. सगळं आयुष्य ज्याची वाट बघितली, तो अल्बम हा माणूस एका शिट्टीसाठी पाण्यात घालत होता. मी चिडूनच त्यांना विचारलं, "काका, एवढं काय आहे त्या शिट्टीत?"

ते जाकिटाची चेन खालीवर करू लागले.

"चाळीत हे गाणं पहिल्यांदा म्हटलं ना, तेव्हा बायकांच्या बाजूने शिट्टी आली. बरोबर त्या जागेत. पब्लिक उठलंच! मग दर प्रोग्रामला यायची. कोण मारतं ते शोधून काढलं, आणि तिच्याशीच लगीन केलं."

"मग?"

"मग काय? लग्नानंतरचा पहिला प्रोग्राम होता. मी तिला म्हटलं, आता तू जॉनी धुरीची बायको. चारचौघांत शिट्टी मारतेस, बरं दिसत नाय." त्यांनी चेन गळ्यापर्यंत ओढली. "मी बोललो हे. मी! बापाची चप्पल झेलणारा."

"काकी काय म्हणाल्या?"

"'बरा' म्हणाली. ती बरा म्हणाली की विषय संपला. ना शिट्टी मारली, ना प्रोग्रामला आली. मी जागा ठेवत राहिलो. म्हटलं, कधीतरी विसरून मारील."

म्हणजे भाजीवाल्यासमोर, डॉक्टरांसमोर, अगदी कदमांच्या वडिलांच्या शोकसभेतही हा माणूस टाळ्या मागत नव्हता. आणि मी त्याला टाळ्यांचा हावरट म्हणून हसले होते.

"अहो, पण मग काकींना हे सांगितलंत का कधी? चुकलं म्हणून?"

"हे असलं घरात कसं बोलायचं गं?" काका म्हणाले.

मी तन्वीला फोन केला. शिट्टी परत आली. काकांनी तन्वीला परस्पर आणखी एक अट घातली होती, ती मला सांगितली नाही.

अल्बम आला त्या संध्याकाळी मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. काकी कोळंबी सोलत बसल्या होत्या. काका गॅलरीत आमच्याकडे पाठ करून उभे होते, अर्थात जाकिटात.

"नावां वाच बघू कोणाकोणाची हत ती," काकी म्हणाल्या. "माझे हात ओले."

मी वाचू लागले. गायन, जॉनी धुरी. मग गिटारवाला, ढोलवाला, कीबोर्डवाली. आणि सगळ्यांत शेवटी, "शिट्टी, शैला धुरी."

काकींचे हात थांबले. गॅलरीतल्या काकांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मला वाटलं, आता काकी "बरा" म्हणणार.

काकींनी ओल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले.

"परत वाच गो," त्या म्हणाल्या. "मोठ्यान वाच."