पालथा पडणारा दगड

"आहे ना! थडगं नसायला काय झालं? चांगला दगड आहे त्याच्यावर, नावासकट!" आस्मुंड फोनवर बोलून बसला, आणि स्वयंपाकघरात वाफळे, म्हणजे साच्यातले गोड घावन, भाजणाऱ्या त्याच्या बायकोचा, मालेनाचा हात साच्यावरच थांबला.

त्यानं फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "कुठंय?"

"काय?"

"दगड."

आस्मुंड खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर धुक्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. समुद्रावरून एकदा ते आलं की नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या या हेस्टविकमध्ये शेजारचं घरसुद्धा दिसत नाही. फक्त अंगणातल्या झेंड्याच्या खांबावर दोरी आपटत होती. टक. टक. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी आपटत होती. पण ती गेली चाळीस वर्षं तशीच आपटत असल्यामुळे तिच्याकडे घरात कुणी लक्ष देत नसे.

फोन अमेरिकेतल्या आयोवाहून होता. वेर्नाआत्याचा. म्हणजे आस्मुंडच्या वडिलांची लांबची चुलत बहीण, वय शहाऐंशी. डॉक्टरांनी विमानात बसू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून तर तिनं लगेच तिकीट काढलं होतं. मरायच्या आधी एकदा आपल्या पणजोबांच्या, म्हणजे तोरमोदच्या थडग्यावर आयोवातल्या शेताची मूठभर माती टाकायची, एवढी एकच इच्छा उरलीय म्हणाली. आता अशा बाईला, "आत्या, आम्ही इथंच राहतो खरे, पण तुझा पणजोबा कुठं पुरलाय ते आम्हाला ठाऊक नाही," हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आस्मुंडच्या तोंडानं तर नाहीच सांगितलं.

तोरमोद क्वेकर होता. सरकारी चर्चच्या दप्तरात नावच न घातलेल्या घरातला माणूस. ना पाद्री, ना घंटा, ना बाप्तिस्मा. ही माणसं नुसती एकत्र बसायची, गप्प. आतून कुणी उठवलं तरच उठून बोलायचं, नाहीतर तास संपला की शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि घरी जायचं. पोराला बाप्तिस्मा दिला नाही म्हणून पाद्र्यानं तोरमोदची गाय ओढून नेली होती, तरी गडी हलला नाही. पुढे आस्मुंडच्या आजोबांना चर्चमधली एक मुलगी आवडली आणि घराणं परत सरकारी झालं. जुनी मंडळी कुठं पुरली हे कुणी सांगायचं राहूनच गेलं. आधीच नॉर्वेची माणसं, त्यात गप्प बसायचा धर्म! सांगणार कोण आणि कधी?

आस्मुंड चर्चच्या आवाराची देखभाल करणाऱ्या तारल्डकडे गेला. दोघं एका वर्गातले. तारल्डनं जुनी दप्तरं उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

"नाहीये."

"जन्म तरी?"

"नाही जन्मला."

"लग्न?"

"नाही केलं."

"अरे, निदान मेला तरी असेल!"

"आमच्याकडे नाही मेला," तारल्ड म्हणाला. "हे बघ आस्मुंड, आमच्या हिशेबानं तुझा खापरपणजोबा झालेलाच नाही. त्या हिशेबानं तूपण नाहीस. पण तू समोर बसून माझी कॉफी पितोयस, म्हणून गप्प बसतो."

शेवटी मित्राला दया आली. चर्चच्या मागं, वारसांनी वाऱ्यावर सोडलेल्या थडग्यांचे दगड रचून ठेवलेले असतात. त्यातला एक बरा दगड तारल्डनं दाखवला. एका अंगाला बोटभर शेवाळ, दुसरं अंग कोरं करकरीत. आवाराच्या कोपऱ्यात भिंतीलगत एक रिकामी जागा होती, तीही दिली. "म्हातारी परत गेली की उचलायचा हं," असं चारदा बजावलं.

आस्मुंडनं होड्यांच्या शेडमध्ये बसून कोऱ्या अंगावर "तोरमोद हेस्टविक" असं छान कोरलं आणि दगड नेऊन उभा केला. मालेना बघायला आली, हाताची घडी घालून उभी राहिली.

"ज्या चर्चला गाय दिली पण आत पाऊल टाकलं नाही, त्याच चर्चच्या आवारात नेऊन ठेवलंस म्हाताऱ्याला. शाब्बास."

"म्हातारा कुठं बघायला येतोय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड पालथा पडला होता. नाव मातीत, शेवाळ वर. गवतावर दव तसंच होतं, एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"तूच पाडलास," आस्मुंडनं तारल्डला धरलं.

"मी कशाला पाडू? माझी कंबर धरलीय, मला बूट घालायला बायको लागते!"

आस्मुंडनं दोन्ही बाजूंनी लोखंडी गज ठोकले. सकाळी गज होते तसे ताठ उभे, आणि मधला दगड पालथा. तो गजांमधून पडला कसा, हे तारल्डनं तीन बाजूंनी वाकून पाहिलं. मग टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "मला घरी काम आहे." तिसऱ्या वेळी आस्मुंडनं सिमेंट ओतलं. सिमेंट वाळलं, दगड दोन्ही हातांनी हलवून पाहिला, तो ढिम्म हलला नाही. आस्मुंडच्या जिवात जीव आला आणि वेर्नाआत्याला आणायला तो विमानतळावर गेला.

वेर्नाआत्या काठी टेकत गाडीतून उतरली आणि तोंड उघडलं तेव्हा मालेनाच्या अंगावर काटाच आला. म्हातारी अमेरिकेत जन्मलेली, पण बोलत होती दीडशे वर्षांपूर्वीच्या हेस्टविकची बोली. आजोबांनी जहाजातून नेली, तिनं तशीच जपून ठेवलेली. जुन्या खोलीतून आतून कुणी हाक मारावी तशी.

"आलू गं बाई एकदाची," ती म्हणाली. "आज्यानं सांगितल्यालं घर त्येच हाय की! आन ह्यो बांबू कसला वाकडा?"

"झेंडा लावलाय आत्या, तुझ्यासाठी," आस्मुंड अभिमानानं म्हणाला. पाहुणा आला की झेंडा चढवायचा, ही या देशाची रीत. पण हा खांब म्हणजे आस्मुंडच्या जिवाला घोर होता. दर वसंतात तो ओळंब्यानं सरळ करायचा, दर हिवाळ्यात खांब चर्चच्या उलट बाजूला कलायचा. मेंढ्या साऱ्या अंगणातलं गवत खायच्या, पण खांबाभोवतीचं सोडून द्यायच्या. टक. टक. दोरी आपटत होती, आणि झेंडा मात्र ओल्या धोतरासारखा लोंबत होता.

"वारं न्हाई, मंग वाजतंय काय?" आत्यानं विचारलं.

"ते... असंच वाजतं."

"असंच काय बी वाजत न्हाई, बाळा."

वाफळ्यांवर तपकिरी चीज आणि मुरंबा घालून झाला, कॉफी झाली आणि मंडळी थडग्याकडे निघाली. धुकं इतकं दाट होतं की चर्चचा मनोरा अर्धाच दिसत होता. तारल्ड फाटकापाशी उभा होता, चेहरा पिठासारखा पांढरा.

"आस्मुंड, आत नको जाऊस."

"का?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही, आईशप्पथ."

सिमेंट जिथल्या तिथं होतं. दगड त्याच्यातून दात उपटावा तसा निघून पालथा पडला होता. आणि या वेळी वरच्या अंगाचं शेवाळ कुणी नखांनी खरवडावं तसं साफ गेलं होतं. खाली जुनी अक्षरं होती. वेर्नाआत्यानं काठी टेकून वाकून वाचलं.

"पाद्री... आरेंट... क्रूसे." ती थांबली. "ह्यो तर गाय नेणारा!"

आस्मुंडला घाम फुटला. अख्ख्या ढिगातून त्यानं नेमका त्याच पाद्र्याचा दगड उचलला होता आणि त्याच्या पाठीवर तोरमोदचं नाव घातलं होतं! दोघांना पाठीला पाठ लावून बांधलं होतं म्हणा ना. आत्या हातातली मातीची पिशवी घट्ट धरून उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"घरी चला," ती म्हणाली. "बसू."

बसू म्हणजे काय ते घरी गेल्यावर कळलं. बैठकीच्या खोलीत तिनं सगळ्यांना गोल बसवलं, तारल्डलासुद्धा. हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि गप्प झाली. गप्प बसणं या लोकांना नवीन नाही. आस्मुंड आणि तारल्ड होडीत दिवसच्या दिवस न बोलता मासे धरायचे. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. खोलीत माणसं होती त्यापेक्षा जास्त बसलीयत, असं वाटायला लागलं. रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं. टक. टक. टक. दोरी आता थांबत नव्हती.

आस्मुंडनं मालेनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत दयामाया नव्हती. त्याच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. वाफळा असेल म्हणून त्यानं गिळून पाहिलं, पण तो वाफळा नव्हता. कुणीतरी मानेला धरून उठवावं तसा तो ताडकन उभा राहिला.

"खोटं आहे!" तो ओरडला. "तिथं कुणी नाही आत्या! दगड मी आणला, नाव मी कोरलं. तोरमोद कुठं आहे मला माहीत नाही. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तू इतक्या लांबून आलीस, आणि तुझी माती... मला माफ कर गं."

बाहेरची दोरी थांबली. एकदम. तारल्डनं स्वतःचेच हात एकमेकांत घट्ट धरले.

आत्यानं सावकाश डोळे उघडले, शेजारच्या मालेनाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "झाली सभा. ब्येस बोललास. येवढा वेळ का लावलास पर?"

"तुला... ठाऊक होतं?"

"आरं, आमच्यात दगड कुठं लावत्यात? मेल्यावर सगळी सारखी. तू फोनवर दगड म्हनलास तवाच मी म्हनलं, पोरगं थापा मारतंय. जागा मला आज्यानं सांगितलीय. बापाला पुरून मगच त्यो जहाजात चढला. पैलं म्हनलं, पोरगं किती पळतंय ते बघू." ती काठी टेकत उठली. "सैपाकघराच्या दारातून सरळ समुद्राकडं. समद्या हेस्टविकात खडक न्हाई आसा येकच तुकडा. तितं खणता आलं, म्हनून तितं."

आस्मुंडनं दाराकडे पाहिलं. खडक नाही असा एकच तुकडा! हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं, वडिलांच्या तोंडून, खांबासाठी खड्डा घेताना.

मंडळी दारातून बाहेर पडली. आत्या पुढे, सरळ समुद्राकडे. मेंढ्या बाजूला झाल्या. ती उंच गवतात शिरली आणि वाकड्या खांबाला काठी लावून उभी राहिली. वर झेंडा लोंबत होता. ज्या माणसानं जन्मभर सरकारला दाराबाहेर उभं केलं, त्याच्या छातीवर चाळीस वर्षं सरकारचा झेंडा रोवलेला होता, आणि दर वसंतात आस्मुंड तो ओळंब्यानं आणखी घट्ट करत होता.

"बिचारा," मालेना हळूच म्हणाली. "ढकलतोय केव्हाचा."

कुणी हसलं नाही. आत्यानं पिशवी सोडली आणि आयोवाची काळी माती गवतात सोडली. "माज्या आज्याच्या शेताची माती हाय," ती खाली बघून म्हणाली, "तुज्या पोराची. घरी आनलीय." आस्मुंडला रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही. मग डोळे पुसून त्यानं आणि तारल्डनं मिळून खांब उतरवला. कंबर धरलेल्या तारल्डला त्या दिवशी कंबर आठवली नाही. खांब इतका सहज निघाला की खालून कुणी हात लावल्यासारखा वाटला.

चर्चच्या कोपऱ्यातला तो दगड मग तारल्डनं पाद्र्याचं नाव पुढं करून उभा केला. गज नाहीत, सिमेंट नाही. तो अजून ताठ उभा आहे. तारल्ड मात्र त्याच्यामागून जात नाही.

पुढे सतरा मे, म्हणजे राष्ट्रीय दिन, आला. हेस्टविकमध्ये घरोघर झेंडे चढले, आणि आस्मुंडच्या अंगणात नुसतं गवत. मिरवणुकीतून जाताना एका नव्या शेजाऱ्यानं कुंपणावरून हटकलं, "काय हो, तुमच्याकडं झेंडा नाही?"

आस्मुंडनं मागे गवताकडे एकदा पाहिलं.

"आमच्या घरातल्या मोठ्यांना चालत नाही," तो म्हणाला.